चार भिंतींतलं रडणं

सकाळी सकाळी भांडण झालं ते पडद्यावरून.

पडदा साधासुधा नव्हता. दुपदरी लोकरीचा, माणसाच्या उंचीच्या दीडपट, व्हालब्रूनच्या गढीत तीन पिढ्यांच्या बाळंतपणांना टांगलेला. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला तो आतून लोखंडी आकड्यांवर अडकवला होता, आणि खिडकीच्या फटींत कापडाचे बोळे कोंबले होते. वारा शिरला की बाळंतीण दगावते हे त्या घरात कुत्र्यांनाही ठाऊक होतं. जेर्व्हेलाही ठाऊक होतं. तरी तो दाराशी उभा राहून म्हणाला, "आत्या, तेवढा पडदा काढा."

दार बोटभर उघडलं. फटीत रिशिल्द आत्याचं अर्धं तोंड दिसलं.

"का बरं, जावईबापू? माझ्या भाचीला गारठवून मारायचंय?"

"तसं नाही हो. पण हा पडदा असला की आतलं काही बाहेर ऐकू येत नाही."

"काय ऐकायचंय तुम्हांला? कालपासून ओरडतेय ती. तेवढं पुरत नाही?"

जेर्व्हेला काय ऐकायचं होतं ते आत्याला माहीत होतं, आणि आत्याला माहीत आहे हे त्याला माहीत होतं.

"आत्यांचं बरोबर आहे," मागून आमोरी म्हणाला. हा जेर्व्हेचा साडू, आत अडलेल्या एमेलीनच्या धाकट्या बहिणीचा, आव्हीझचा नवरा. "बाहेर काय वारा सुटलाय बघताय ना? पडदा राहू द्या. अशा वेळी एमेलीनची काळजी घ्यायला हवी."

मेहुणीबद्दल त्याला एवढा जिव्हाळा गेल्या चार वर्षांत कधी वाटला नव्हता. पण त्या दिवशी व्हालब्रूनमध्ये जो तो एमेलीनच्या काळजीनंच बोलत होता. गढीचं नाव कुणी चुकूनही घेत नव्हतं.

रिवाज नॉर्मंडीत सगळीकडे होता तोच. गढी, गिरणी, दोन गावं आणि ओकचं जंगल हे सगळं एमेलीनचं, बापाकडून आलेलं. जेर्व्हे तिचा नुसता नवरा. ती गेली आणि मूल जगलं तर सगळं मुलाचं. मूलही गेलं, पण जाण्याआधी चार भिंतींच्या आत एकदा जरी रडलं आणि ते रडणं बाहेरच्या पुरुषांनी आपल्या कानांनी ऐकलं, तर जेर्व्हे मरेपर्यंत गढीवर राहणार. फक्त दुसरं लग्न करायचं नाही. आणि रडलंच नाही, तर मूल झालंच नाही असं धरायचं. मग सगळं आव्हीझचं, आणि जेर्व्हेनं आपला घोडा सोडून घेऊन त्याच दिवशी वाट धरायची. आतल्या बायकांनी काय पाहिलं, काय ऐकलं, याला दरबारात कवडीची किंमत नव्हती. पुरुषाला आत पाऊल टाकायची बंदी. मग निवाड्याला उरतं काय, तर दारापलीकडून येणारा आवाज.

भिंतींना कान असतात म्हणतात. इथे कानांनाच भिंत आडवी होती, आणि भिंतीवर पडदा.

"राहू दे पडदा," जेर्व्हे शेवटी म्हणाला. दुसरं काय म्हणणार? दार लागलं.

*

दाराबाहेर, दिवाणखान्यावरच्या सज्जातल्या बाकावर दोन साक्षीदार बसले होते. जेर्व्हेच्या बाजूनं ऑझ्बर्न, आमोरीच्या बाजूनं त्याचा चुलतभाऊ फुल्क.

ऑझ्बर्नबाबा सत्तरीचे. एमेलीनच्या आजोबांच्या घोड्याला घोडा लावून लढलेले. त्यांनी शब्द टाकला की मुलखात कुणी दुसरा शब्द काढत नसे. नाताळात भर दिवाणखान्यात साक्षीदार नेमायची वेळ आली तेव्हा जेर्व्हेनं त्यांचंच नाव घेतलं, कारण त्यांना वगळून दुसरं कुणी नेमणं हा त्यांचा अपमान झाला असता. बाबांना दहा वर्षांपासून जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण तसं म्हणणं हाही अपमानच. तेव्हा कुणी म्हणालं नाही. आमोरी तर उठून म्हणाला होता, "वा! याहून चांगला माणूस शोधून सापडायचा नाही."

मानासाठी कान घालवले जेर्व्हेनं. त्या लोकांत ही चूक कुणाच्याही हातून झाली असती.

"काय म्हणाली ती?" ऑझ्बर्नबाबांनी विचारलं.

फुल्क त्यांच्या कानाशी वाकला आणि ओरडला, "पडदा राहणार म्हणाली, बाबा! पडदा!"

"हां, हां. बरं झालं. वारा वाईट."

फुल्क पंचविशीचा, स्वभावानं गरीब, वडीलधाऱ्यांत वाढलेला. कालपासून हेच चाललं होतं. कुणी काही बोललं की बाबा विचारणार, "काय म्हणाला?" आणि फुल्क ओरडून सांगणार. जेवणाची घंटा झाली, सांगितलं. घोडा खिंकाळला, सांगितलं. आमोरीनं एकदा त्याला बाजूला घेऊन दबक्या आवाजात सुनावलंही, "अरे, तू त्याचा भाट आहेस का माझा साक्षीदार?"

"म्हातारा माणूस आहे रे. एकटा पडतो."

"पडू दे की! आणि एक लक्षात ठेव. खोटं बोल असं मी तुला म्हणत नाही. संताच्या हाडावर हात ठेवून शपथ घ्यायचीय, मला कळतं. पण जे नीट ऐकू आलं नाही ते आलं म्हणायची गरज नाही. एवढंच."

"एवढंच," फुल्क म्हणाला, आणि बाकावर जाऊन बसला.

आमोरी वाईट माणूस नव्हता. तीन भावांत मधला, आईच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली, तीही पार्टिशन घातलेली. व्हालब्रूनला आला की नकळत त्याची नजर छताकडे जायची, कुठली तुळई बदलायला झाली ते बघायची. आज तो मान खाली घालून बसला होता, कारण वर बघितलं की आपण काय बघतोय ते आपल्यालाच कळेल अशी त्याला भीती वाटत होती.

जेवणाला उपासाच्या दिवसांतलं नेहमीचंच, खारवलेले हेरिंग आणि वाटाण्याची पातळ खिचडी. कुणी खाल्लं नाही. फक्त बाबांनी दोन मासे संपवले.

जेर्व्हे दाराला खांदा टेकून उभा होता. एमेलीनची किंकाळी पडद्यातूनही येत होती, पण आता त्यात जोर राहिला नव्हता. तो मघापासून त्या किंकाळीच्या मागे दुसरा आवाज आहे का ते ऐकत होता. बराच वेळ गेला, आणि मग एकदम त्याच्या ध्यानात आलं की आपण एमेलीनला ऐकतच नाही आहोत. बायको आत जिवाच्या आकांतानं ओरडतेय आणि तिचा आवाज आपल्याला मध्ये येतोय. त्याला स्वतःची किळस आली. त्यानं ठरवलं की आता फक्त तिलाच ऐकायचं. चार श्वास त्यानं तसं ऐकलं. पाचव्याला त्याचे कान पुन्हा मागे गेले.

जायला त्याला जागा नव्हती. तो घरातला चौथा मुलगा. थोरल्या भावानं लग्नाच्या दिवशी हसत हसत सांगितलं होतं, "आता तुझं ताट तिकडे. इकडचं आम्ही उचललं." चेष्टेत सांगितलेलं खरं करून दाखवणारा तो माणूस होता.

*

आत घामाची आणि उकळलेल्या पाल्याची वाफ कोंडली होती. घरातल्या सगळ्या गाठी सोडल्या होत्या, बायकांच्या वेण्या मोकळ्या, पेट्यांची कुलपं उघडी. बंद काही असलं की बाळाचीही वाट अडते. आत्यानं स्वतः किल्ल्या घेऊन गढीतलं एकूण एक कुलूप उघडलं होतं. मग जुडगा पुन्हा कमरेला अडकवला. तीस वर्षं तो तिच्या कमरेला होता. आधी भावाचा संसार, भावजय गेल्यावर दोन पोरींना वाढवणं, मग भावाला मूठमाती. स्वतःचं लग्न तिनं केलं नाही. करायला वेळ कुठे होता?

एमेलीनच्या पोटावर मठातून आणलेला संत मार्गरीतचा पट्टा होता. पट्ट्याचा काही उपयोग होईल असं आता सुईण ऑदीनलाही वाटत नव्हतं. काल संध्याकाळपासून अंगात ताप होता.

"आव्हीझ," एमेलीन म्हणाली. "तू इथेच आहेस ना?"

"इथेच आहे, ताई. हात धर."

"बाझिली कुठेय?"

"फाटकाजवळ, पहारेकऱ्याच्या बायकोपाशी. भावोजींनी सांगून ठेवलंय ना, दुसरं तान्हं गढीत नको म्हणून. उगाच तुझ्या बाळाचं रडणं कुणी तिचं समजेल." आव्हीझची मुलगी चार महिन्यांची. ती तिला स्वतः पाजायची, आणि त्यापायी सासूचे टोमणे खायची. सकाळपासून तिला पाजलं नव्हतं. आव्हीझची छाती दगडासारखी झाली होती.

एमेलीन हसल्यासारखं करून म्हणाली, "तो फार घाबरलाय गं."

"कोण?"

"जेर्व्हे. मी गेले तर त्याला घालवू नका."

"गप बस बघू. कुठे जात नाहीस तू."

"जेवताना गातो, माणसांत शोभत नाही असं आत्या म्हणते. पण थंडीत रोज विचारतो, पाय गार पडलेत का म्हणून. मला आधी कुणी विचारलं नव्हतं." पुढची कळ आली आणि वाक्य तिथेच राहिलं.

आत्यानं आव्हीझला चुलीपाशी बोलावलं. पाणी ओतायच्या निमित्तानं दोघी वाकल्या.

"तिचं ऐकून विरघळू नकोस," आत्या हळूच म्हणाली. "ती आता तापात आहे."

"आत्या, काय बोलतेस तू!"

"खरं तेच बोलते. ऑदीन म्हणते, मूल हलायचं बंद झालंय मघापासून. दोघं जाणार. माझ्या छातीवर दगड ठेवून मी हे बोलतेय, तेव्हा नीट ऐक. तुझ्या पणजोबांनी ही गढी लाकडाची होती तेव्हा राखली. आजोबांनी दगडाची केली. तुझ्या बापाला मुलगा झाला नाही, म्हणून लोक हसले, आता व्हालब्रून बुडालं म्हणून. मी तुम्हां दोघींना वाढवलं ते कशासाठी? तो आयत्या बिळावरचा नागोबा इथे बसावा म्हणून? आणखी तीस वर्षं जगेल मेला! तोवर तू म्हातारी होशील, सासूच्या घरात, पार्टिशनच्या मागे."

याच खोलीत आव्हीझचा जन्म झाला होता. खिडकीच्या कट्ट्यावर बसून दोघी बहिणी मोती ओवायच्या, तो कट्टा समोर होता. हे घर आपलं असावं असं तिला वाटत नव्हतं असं नाही. रोज वाटायचं. सासूनं पहिला टोमणा मारला त्या दिवसापासून वाटायचं. आणि आत्ता, बहीण पलीकडे मरत असताना, आत्याचं बोलणं तिला गोड लागलं. तेच तिला जास्त भयंकर वाटलं.

"मी काही करणार नाहीये," आत्या म्हणाली. "देवाच्या कामात हात घालणारी मी नव्हे. फक्त पडदा आहे तिथे राहील."

*

मूल दुपारी झालं. तिसऱ्या प्रहराची घंटा नुकतीच होऊन गेली होती.

मुलगा. निळसर, सुरकुतलेला, तळहातावर मावेलसा. ऑदीननं तो बाहेर येताच पाणी शिंपडून बाप्तिस्मा देऊन टाकला होता. सुईणी संशयाच्या वेळी तसा देतातच, मेलेलं असलं तरी. "नाव? नाव सांगा लवकर!" ती ओरडली तेव्हा आव्हीझच्या तोंडून आपल्या बापाचंच नाव निघालं, "राऊल!"

ऑदीननं त्याला पालथं धरून पाठीवर थोपटलं. नाकातोंडातलं काढलं. पुन्हा थोपटलं. खालच्या पलंगावर रक्त थांबत नव्हतं, तेव्हा तिनं मूल आत्याच्या हातात दिलं आणि ती आईकडे वळली.

आत्यानं त्याला कापडात गुंडाळलं. आव्हीझ तिच्या शेजारीच होती. म्हणून तिनं ते पाहिलं. कापडाखाली छाती हलली. मग तोंड उघडलं, आणि अगदी बारीक, एखादी बिजागरी कुरकुरावी तसा आवाज आला. एकदा. आत्याच्या हातांपलीकडे, पलंगापर्यंतसुद्धा तो पोचला नाही. पडद्यापलीकडे तर प्रश्नच नव्हता.

आत्यानं आव्हीझकडे बघितलं. मग तिनं मुलाला छातीशी घट्ट धरलं, शालीच्या आत, ऊब मिळेल असं. थंडीनं तरी तो रडला असता.

पलंगावरून एमेलीनचा आवाज आला. "रडला का?"

आत्यानं शाल आणखी ओढून घेतली.

"आत्या, रडला का गं तो?"

"नाही, बाळ," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज फार मायेचा होता. "देवानं त्याला तसाच परत नेला. तू आता डोळे मीट."

एमेलीननं डोळे मिटले नाहीत. छताकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर जे आलं ते दुःखही नव्हतं. आपण उगाचच एवढं केलं असं काहीतरी होतं.

आव्हीझला पुढचं सगळं आयुष्यभर सुटं सुटं आठवत राहिलं. आपण आत्याच्या शालीत हात घातला. आत्याची पकड केवढी होती, आणि ती कशी सुटली, हे तिला कधी कळलं नाही. मग मूल तिच्या डाव्या हातात होतं आणि उजव्या हातात पडद्याची कड. तिनं ओढला. निघेना. पुन्हा अंगाचा भार टाकून ओढला, तेव्हा तीन आकडे भिंतीतून चुन्यासकट निघून आले आणि तीन पिढ्यांचा पडदा जमिनीवर धाडकन पडला. पडद्यामागे साचलेली थंडी अंगावर आली.

"आव्हीझ!" आत्या ओरडली. "अगं, स्वतःच्या मुलीच्या तोंडचं काढतेस! वेडी झालीस का?"

"तू ताईशी खोटं बोललीस."

"तुझ्यासाठी बोलले!"

"म्हणूनच!"

दारापर्यंत पोचून तिनं मुलाचा चेहरा फटीशी धरला. "रड," ती म्हणाली. "रड रे, राजा." तिनं त्याच्या पायावर टिचकी मारली. काही नाही. छाती अजून हलत होती, पण दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. मूल बाहेर न्यायचं नाही. चार भिंतींच्या आतच रडायला हवं. पुरुषांना आत बोलवायचं नाही. पुन्हा टिचकी मारली. त्यानं तोंड वाकडं केलं आणि तसंच सोडून दिलं.

तिला दाराचा अडसर दिसला. हाताएवढा जाड, लोखंडी, रात्रभर थंडी प्यालेला. तिनं मुलाचे दोन्ही उघडे तळपाय त्या लोखंडावर टेकवले.

*

बाहेर पहिल्यांदा धाडकन काहीतरी पडल्याचं ऐकू आलं. मग बायकांची भांडणं. जेर्व्हे दारावर हात आपटत होता, "काय झालं? एमेलीन! कुणी सांगाल का?" आमोरीनं त्याच्या खांद्याला धरून मागे ओढलं होतं.

आणि मग ते आलं. बारीक, रागीट, लांबलेलं. थंड लोखंडाला पाय लागल्यावर कुणीही रडेल तसं रडणं.

सगळे जागच्या जागी थिजले. आमोरीनं ऐकलं. त्याला घरी चार महिन्यांची मुलगी होती. असलं रडणं ओळखायला त्याला कुणाची मदत लागत नव्हती. त्यानं फुल्ककडे बघितलं, आणि डोळ्यांनी त्याला सांगितलं की आत्ता, या क्षणी, काही बोलू नकोस.

ऑझ्बर्नबाबा सगळ्यांची तोंडं बघत होते. काहीतरी घडलं एवढं त्यांना कळलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

फुल्कनं विचार केला नाही. दोन दिवस जे केलं तेच केलं. बाबांच्या कानाशी वाकला आणि सगळ्या दिवाणखान्याला ऐकू जाईल असा ओरडला, "पोर रडलं, बाबा! पोर रडलं!"

मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

खालच्या दिवाणखान्यात व्हालब्रूनचे सात मानकरी उभे होते, आणि मठातून शपथेच्या हाडाची चांदीची डबी घेऊन आलेला भिक्षू होता. सगळ्यांनी ऐकलं होतं. बाळाला नव्हे, फुल्कला. विरुद्ध बाजूचा साक्षीदार स्वतःच्या तोंडानं बोलला होता, आणि न विचारता.

"रडलं?" ऑझ्बर्नबाबांचे डोळे भरले. "राऊलचा नातू रडला? देवाची कृपा रे!"

आमोरी बाकावर बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "फुल्क, तू ना..."

आत, पलंगावर, एमेलीननं मान वळवली होती. "रडला," ती म्हणाली. "ऐकलं मी." त्यानंतर ती पाव घटका असेल नसेल. आव्हीझनं मूल तिच्या कुशीत ठेवलं होतं. पाय गार पडलेत का हे तिला कुणी विचारलं नाही, म्हणून आव्हीझनंच ते आपल्या हातात धरून ठेवले.

*

बाळंतीण गेल्यावर पुरुषांना आत यायची मोकळीक होती. जेर्व्हे आला. त्यानं आधी बायकोच्या कपाळावर हात ठेवला, आणि मग बराच वेळ तो काढला नाही.

"त्याला घ्या, भावोजी," आव्हीझ म्हणाली. "फार वेळ नाहीये."

त्याला मूल धरता येत नव्हतं. तिनं त्याचे कोपर नीट केले. राऊल आता रडत नव्हता. मधूनच मोठा श्वास घ्यायचा आणि पुढच्या श्वासाचं विसरून जायचा.

"मी तुला नाही, त्याचं रडणं ऐकत होतो," जेर्व्हे बायकोकडे बघून म्हणाला. "दिवसभर. एमेलीन, ऐकतेस का? मी..." तो आत्याकडे वळला. "आत्या, तुम्ही बोला काहीतरी. शिव्या द्या."

रिशिल्द आत्या खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती, पडद्याचा चुरगळलेला ढीग पायांशी घेऊन. तिचं तोंड एका दिवसात आत ओढलं गेलं होतं. ती उठली. कमरेचा जुडगा सोडायला तिला वेळ लागला. तीस वर्षांत गाठ चामड्यात रुतली होती. ऑदीन मदतीला पुढे झाली, तेव्हा तिनं तिचा हात झटकला.

जावयाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. किल्ल्यांचा जुडगा त्या गुंडाळलेल्या कापडावर ठेवला, मुलाच्या पोटाशी, भार पडणार नाही असा. मग दोन पावलं मागे सरून वाकली, जशी भावासमोर वाकायची, आणि त्याआधी बापासमोर.

"व्हालब्रूनचे मालक," ती म्हणाली. रडू फुटलं ते त्यानंतर.

राऊल, व्हालब्रूनच्या राऊलचा नातू, संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेपर्यंत गढीचा मालक होता. घंटा वाजत असताना त्यानं श्वास घेतला, आणि तो शेवटचा ठरला. किल्ल्या त्याच्यावर तशाच पडून होत्या. कुणी हात लावेना. जेर्व्हेचे दोन्ही हात तर मुलात गुंतलेले. शेवटी आव्हीझनं जुडगा उचलला आणि त्याच्या पट्ट्याला अडकवला.

"हे त्यानं दिलंय तुम्हांला," ती म्हणाली. "आम्ही नाही. विसरू नका."

"नाही विसरणार."

"आणि आत्याला इथेच राहू द्या. तिला जायला जागा नाही."

जेर्व्हेनं मान हलवली. जागा नसणं म्हणजे काय ते त्याला समजावून सांगावं लागणार नव्हतं.

अंगणात आमोरी दोन्ही घोडे धरून उभा होता. मातीला उद्या यायचं होतं, आज गावात मुक्काम. या छताखाली निजायची त्याची इच्छा नव्हती. आव्हीझ जवळ आली तेव्हा त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

"आईला काय सांगू मी?" तो म्हणाला.

"सांगा, भाचा रडला. तुम्हीही ऐकलंत ना?"

बराच वेळ तो खोगिराचा पट्टा आवळत राहिला, जो आधीच आवळलेला होता. "ऐकलं," तो शेवटी म्हणाला. "आपल्या बाझिलीसारखाच होता आवाज." आणि त्यानं तिला घोड्यावर चढायला हात दिला.

फाटकाशी पहारेकऱ्याची बायको बाझिलीला घेऊन येरझारा घालत होती. पोरीला सकाळपासून दूध नव्हतं, आणि तिनं सगळी गढी डोक्यावर घेतली होती. आव्हीझ घोड्यावरूनच वाकली आणि तिला घेतलं. चार भिंती नव्हत्या, साक्षीदार नव्हते, डोक्यावर नुसतं उघडं आभाळ होतं. बाझिली मोठ्यानं रडत होती, आणि आव्हीझनं तिला लगेच गप्प केलं नाही.